जाझचा नाद

अपेक्षानं खोक्याची चिकटपट्टी ओढली आणि यशपाल खुर्चीत पुढं सरकला.

"बाबा, डोळे मिटा. काका, तुम्हीपण."

दोघांनी मिटले. उघडले तेव्हा टेबलावर रेकॉर्ड प्लेयर होता. नवाकोरा, लाकडी. शेजारी एक रेकॉर्ड.

"इतकी वर्षं नुसतं वाचताय. आता ऐका की," अपेक्षा म्हणाली. ती बापाच्या, सिद्धनाथ मास्तरांच्या, सत्तरीसाठी पुण्याहून आली होती.

मास्तरांनी यशपालकडे पाहिलं. यशपालनं पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं.

कपाट गच्च होतं. ट्रम्पेटवाल्यांची चरित्रं, सॅक्सोफोनवाल्यांची चरित्रं, त्यांच्या सोडून गेलेल्या बायकांच्या आठवणी, रेकॉर्ड कंपन्यांचे इतिहास. कुठली कंपनी कुणाच्या गॅरेजात निघाली, कुणी कुणाला बुडवलं, सगळं दोघांना पाठ. एका जाडजूड पुस्तकात तर नुसती रेकॉर्डवरची लेबलंच होती. ते दोघं लग्नाच्या अल्बमसारखं बघायचे, एकमेकांना पाहुणे दाखवत. सोलापुरात जाझबद्दल एवढं वाचलेली दुसरी दोन माणसं नसावीत. ऐकायचं तेवढं राहिलं होतं.

मोबाईलवर जाझ ऐकणं हा जाझचा अपमान आहे, असं मास्तर फार पूर्वीच म्हणाले होते. यशपालनं ते लगेच मान्य केलं होतं. इतक्या लगेच, की मास्तरांचाही चेहरा उजळला होता.

सुरुवात झाली ती जयंतीच्या मिरवणुकीत. होटगी स्टेशनातली नोकरी संपवून यशपाल नुकताच निवृत्त झाला होता. पथकातून बाजूला येऊन, दोन्ही हात अडकलेले म्हणून, वरून कुणीतरी ओतलेलं पाणी पीत होता. मागं हलग्या, पुढं स्पीकर. एक चष्मेवाले गृहस्थ जवळ आले आणि त्याच्या कानाला तोंड लावलं. यशपालनं ऐकलं, "जाझचा नाद हाय व्हय तुमाला?"

जाझ म्हणजे परदेशी लोक काहीतरी वाजवतात, यापलीकडे यशपालला माहिती नव्हती. पण एवढ्या गर्दीत एक शिकलेला माणूस आपल्यालाच गाठून हे विचारतो, म्हणजे आपल्या चेहऱ्यातच काहीतरी असणार.

"व्हय," तो ओरडला. "लई."

"मग रविवारी घरी या की."

रिकाम्या हातानं कसं जायचं? जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर जाऊन त्यानं "जाझचं काय आसंल ते द्या" म्हणून एक इंग्रजी चरित्र घेतलं. मास्तरांनी ते हातात घेतलं. मुखपृष्ठावरच्या ट्रम्पेटकडे बराच वेळ पाहिलं. मग खुंटीवरच्या कापडी बोचक्याकडे पाहिलं. ते बोचकं त्यांनी नातेपुत्याहून सोलापुरात राहायला येताना आणलेलं.

"वा," ते म्हणाले. "बसा."

महिन्याभरात त्यांनी पुण्याहून दुसरं पुस्तक मागवलं. मग यशपालनं तिसरं शोधलं. मास्तर वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे आणि यशपाल मान डोलवायचा.

पथकाच्या तालमी रविवारीच असत. त्यानं त्या सोडल्या. जाझच्या माणसानं असं रस्त्यावर घाम गाळावा हे मास्तरांना कसं वाटलं असतं? पुढं बायको गेली. त्यानंतर रविवार सोडला तर यशपालशी बोलायला कुणी उरलं नाही. आठवडाभर तो रविवारी काय बोलायचं तेच जमवत बसायचा.

अपेक्षानं सुई टेकवली.

आधी खरखर. मग भांड्यांची मांडणी कोसळावी तसा ड्रम, आणि त्यावर कुणीतरी शेजाऱ्याची तक्रार सांगत बसावं तसा सॅक्सोफोन. यशपालनं डोळे मिटले. पायानं ताल धरायला गेला, तर गाडी सुटल्यावर फलाटावर आलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत झाली. पाय टेकेपर्यंत डबा पुढं.

"काका, कसं वाटतंय?"

"लेबल निळं हाय," यशपाल म्हणाला. "म्हंजे कंपनी विकली जायच्या आदीचं."

"आणि वाजवतोय कसा?"

यशपालनं पुन्हा लेबलाकडे पाहिलं.

"दुखणं न दाखवता वाजवतोय," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

यशपालला हेवा वाटला. असं बोलायला आतून यावं लागतं.

"मग पुण्याला तर याच," अपेक्षा म्हणाली. "पुढच्या महिन्यात जाझचा मोठा कार्यक्रम आहे. दोघांची तिकिटं काढलीयत. रात्रभर ऐका." आणि ती चहा टाकायला आत गेली.

ती आत गेल्याची यशपालनं खात्री केली.

"मास्तर, एक बोलू का? राग आला तरी चालंल. फकस्त रविवारी येऊ नका म्हणू नका."

"बोला."

"मला ह्यातलं काय बी कळत न्हाय. आन् आता ऐकलं, तर आवडत बी न्हाय. तुमाला नाद हाय म्हून बसलो मी, येवडी वर्सं."

मास्तरांनी डोळे उघडले. उठून सुई उचलली. घरात एकदम शांत झालं. आत कपबशा वाजल्या, तेवढंच.

"मला नाद?"

"तुमीच इचारलं की, मिरवणुकीत. जाझचा नाद हाय व्हय म्हून."

मास्तरांनी कपाटाकडे पाहिलं, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत. खुंटीवरचं बोचकं काढून आणलं आणि गाठ सोडायला लागले. सुटेना. शेवटी यशपालनं दातानं सोडली. आतलं पितळ हिरवं पडलं होतं.

"तुमच्या हातात होती की तवा, म्हणून विचारलं," मास्तर म्हणाले. "झांजचा नाद हाय व्हय तुमाला."