परत आलेली बंदूक

“परक्याकडून परत घेताय, आधी नळी तपासा,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसून म्हटलं, “अहो आई, आपलीच तर बंदूक आहे.”

मीरू झाली तेव्हा घरात बंदूक नको म्हणून मीच हटून बसले. मग बाबा, म्हणजे माझे सासरे, आणि दाजीकाका, या दोघा भावांनी आपापली ठासणीची बंदूक खालच्या गावातल्या एकाच माणसाला रीतसर विकली. पुढच्या हंगामात रानडुकरांनी सगळं भात लोळवलं, तेव्हा मलाही पस्तावा झाला. शेवटी चार वर्षांनी, काल दोघांनी आपापली बंदूक परत आणली.

आज ओटीवर बाबा ती पुसत होते. घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी, केप, त्यांच्या बोटांत होती. “ये गो बाय, केप वाजवून दाखवतो. आत दारू नाय, नुसता टिकलीसारखा आवाज.” मीरू खिदळत नळीत डोळा लावून बघत होती. मग तिने दारू ठासायचा लोखंडी गज उचलून आत सोडला. रिकाम्या नळीत तो तळाला जातो. हा मधेच अडला, वीतभर बाहेर राहिला.

बाबांच्या बोटांतली केप खाली पडली. “भरलेली हाय गो,” ते म्हणाले. “त्यानं तशीच दिलीन.”

दाजीकाकांचा फोन लागत नाही. हे मोटरसायकलवरून निघालेत, पण काकांची कातळवाडी खाडीपलीकडे आहे. काकांचा नातू सुट्टीला आलाय, आणि त्यालाही केप ऐकवायचं कबूल केलंय. तुमच्यापैकी कोणी कातळवाडीजवळ असाल, तर हे वाचणं सोडा आणि दाजीकाका मांडवकरांच्या घरी जाऊन बघा.