गालाला लागलेला वारा

चावून मऊ केलेल्या सीलच्या कातड्याचे नवे बूट सुनेने माझ्या मांडीवर ठेवले. "तपासा, आई. एक टाका तरी चुकलेला दाखवा!" तोरा तर बघा! परवाच शेजारणींना सांगत होती, "आमच्या सासूबाईंचं वय झालं. आता शिवायचं मी, त्यांनी नुसती फुंक मारायची." मी उजव्या बुटात फुंक भरली, वरचं तोंड पिळून धरलं आणि फुगलेल्या बुटाची शिवण गालावरून फिरवली. टाचेपाशी गालाला बारीकसा वारा लागला. "आई, दे की लवकर! सील काय माझी वाट बघत बसणारेत?" दारातून माझा लेक उयारक ओरडला. बाहेर त्याची स्लेजची कुत्री ओढ घेत होती. मनात म्हटलं, जाऊ दे. संध्याकाळी हा ओला मोजा बायकोच्या अंगावर फेकेल, मग उतरेल हिचा तोरा. मी बूट लेकाच्या हातात दिले. दुपारी बर्फावर साचलेल्या पाण्यातून तो चालला, मग वादळाने त्याला तिथेच अडकवलं. तिसऱ्या दिवशी आणला, तेव्हा उजवा पाय काळाठिक्कर पडला होता. घोट्यापासून कापावा लागला. वस्तीतल्या बायका आता सुनेकडे शिवायला कातडं देत नाहीत. काल ती तोच बूट घेऊन माझ्याजवळ बसली. त्यात फुंक भरून तिने तो गालाला लावला, मग माझा हात धरून म्हणाली, "टाका माझाच चुकला, आई. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. म्हाताऱ्या गालाला कसा कळणार एवढासा वारा?" मी मान खाली घातली. "हो गं," म्हटलं, "वय झालं माझं."