शेवटचा बल्ब

पातेल्यातल्या दुधाला अजून उकळी फुटायची होती, आणि इकडं लालासाहेबाचे फ्लॅशचे बल्ब भराभर उडून चालले होते.

पहिला सयाजी पाटलानं खाल्ला. कोजागिरीचं दूध प्यायला म्हणून आला आणि फेट्याचा तुरा नीट करत कॅमेऱ्यासमोर ठाण मांडून बसला. गावचा पाटील तो, त्याला नको कोण म्हणणार? दुसरा बल्ब त्याच्या खोंडापायी गेला. खोंडानं ऐन वेळी मान फिरवली, म्हणून तिसराही त्याच्यावरच उडवला. बल्ब कसला, दिवाळीतला फटाकाच तो. एकदा उडाला की संपला.

आकाराम ओसरीच्या खांबाला टेकून बघत होता आणि आतल्या आत चरफडत होता. दुपारी तार आली होती. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. तशीच तार शेजारच्या गावात लालासाहेबाला. दोघं एकाच पलटणीतले. पहाटेची एसटी मिळून गाठायची म्हणून लालासाहेब मुक्कामाला आला, तो गळ्यात कॅमेरा अडकवूनच. कॅमेरा दिसला तेव्हाच आकारामानं मनाशी ठरवलं होतं, बनूचा एक फोटो मिळालाच पाहिजे. लग्नाला दोन वर्षं झाली, पण रजेचे दिवस सोडले तर सोबत कसली? तिकडं तंबूत डोळे मिटले की तिच्या बांगड्या दिसायच्या, पदराचा काठ दिसायचा. चेहरा तेवढा काही केल्या जमायचा नाही. आणि आता तर लढाईचं वारं सुटलं होतं.

पण चारचौघांत बायकोचा फोटो काढ म्हणायचं कोणत्या तोंडानं? त्या घरात नवरा बायकोला नावानं हाकसुद्धा मारत नव्हता.

शेवटी त्यानं आडवाटेनं सुरुवात केली. "लाल्या, आमच्या घरच्यांचा एक काढ की रं. समद्यांचा मिळून."

अंगणात घोंगडं अंथरलं. मधोमध खुर्ची टाकून त्याचा बाप नाथाजी बसला, जुन्या लढाईतली पदकं कोटावर लावून. शेजारी घोंगड्यावर आई, मनुबाई. बनू तिच्या मागं. पण सासऱ्याच्या दोन हातांवर बसायचं म्हटल्यावर तिनं पदर असा ओढला की हनुवटीचं टोकही दिसेना. सासऱ्यासमोर तोंड दाखवायचं नाही, आवाज काढायचा नाही, ही घरची रीत. दोन वर्षांत नाथाजीनं सुनेचा एक शब्द ऐकला नव्हता.

लखकन उजेड झाला. सगळ्यांनी डोळे चोळले.

लालासाहेब आकारामाजवळ आला. "वहिनीच्या जागी नुसतं लुगडं आलंय गड्या."

आकारामाला हसू आलं नाही. "बल्ब किती ऱ्हायलं?"

"एकच."

दोघं हळू बोलले होते. पण नाथाजीचे कान म्हातारपणीही तिखट. त्यानं एकदा पोराकडं बघितलं. मग उठून उभा राहिला.

"गॅस घालवा रं!" तो ओरडला. "दुधात चांदणं पडू द्या की जरा."

कुणीतरी गॅसबत्तीची हवा सोडली. सूं करत ती विझली आणि अंगणभर चांदणं पसरलं. नाथाजीनं खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

"हां. काढ आता अजून एक."

"आवं, ह्ये काय?" मनुबाई म्हणाली. "फोटूत कुणी पाठ करून बसतं व्हय?"

"माझं थोबाड बघून तिकडं कुणाला काय करायचंय?" नाथाजी भिंतीशीच बोलला. "पाटील, तुमीबी वळा. चांद बघा."

"मला हितनं दिसतोय की," पाटील म्हणाला.

"तिकडनं लय झ्याक दिसतोय. वळा म्हणतो न्हवं!"

पाटील पुटपुटत वळला. पाटीलच वळला म्हटल्यावर बाकीच्या बाप्यांनीही माना फिरवल्या. सगळं अंगण पाठमोरं झालं.

मनुबाईला आता उमगलं. ती सुनेच्या कानाला लागली. बनू जागची हलेना. गेलं, आकारामाला वाटलं, आता पुन्हा तंबूत बांगड्याच आठवायच्या. लालासाहेब कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळत होता. चुलीवरचं दूध तेवढं रटरटत होतं.

मग बनूचा हात वर आला. पदर आधी डोळ्यांवरून, मग कपाळावरून मागं सरला.

तेवढ्यात उजेड झाला. आकारामानं बघून घेतलं. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. उजेड गेला, तरी चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"झालं का?" नाथाजीनं भिंतीकडं बघतच विचारलं. "वळू का आता?"

आकाराम अजून बनूकडंच बघत होता. मनुबाई नाक पुसत होती.

"वळा, मामंजी," पदराआडून आवाज आला.

पाटील वळला, बाकीचेही वळले. दुधाच्या वाट्या फिरायला लागल्या. नाथाजी मात्र कितीतरी वेळ तसाच बसून राहिला, भिंतीकडं तोंड करून.