वाढल्या

फोन सकाळपासून अकराव्यांदा वाजला आणि शंकरप्पांनी तो अकराव्यांदाही तितक्याच प्रेमानं उचलला.

"वाढल्या हो ताई," ते म्हणाले. "सगळ्या वाढल्या."

मागच्या खोलीत चुलीपुढं बसलेल्या शुभांगीनं दातओठ खाल्ले. सासऱ्यांवर चिडून उपयोग नव्हता. धाराशिवच्या त्या दुकानात चाळीस वर्षांत 'संपलं' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. ज्वारी सरत नाही, वाढते. तशाच कडक भाकरी सरल्या की अप्पांच्या तोंडी त्या 'वाढल्या'. गावातल्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक होतं, ते मान हलवायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं. फोनवरच्या माणसाला कसं कळावं?

तिचा राग होता नवऱ्यावर. मल्लेशनं काल तिला न विचारता पैसे भरून मोबाईलवर जाहिरात लावली होती. कुणीही 'कडक भाकरी' असं शोधलं की सगळ्यात वर यांचं दुकान आणि त्याखाली अप्पांचा नंबर. नावाला कुणाचं बोट लागलं की मल्लेशचे पैसे कटणार. महिनाभर ती त्याला सांगत होती, आधी फोनवर कोण बोलणार ते ठरवा, आधी माझ्या हाताखाली एक बाई द्या, एकटीच्यानं दिवसाला साठ होतात, उद्या कुणी सहाशे मागितल्या तर आणायच्या कुठून? पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तो हसून म्हणायचा, आधी गिऱ्हाईक तर येऊ दे.

गिऱ्हाईक आलं. बाराच्या सुमाराला दुकानापुढं एक गाडी थांबली आणि एक बाई हसतमुखानं उतरल्या.

"चाळीस-पन्नास द्या बरं," त्या म्हणाल्या. "मघाशी फोन केला होता मी. वाढल्या म्हणालात."

"वाढल्या म्हणजे सरल्या हो, ताई," अप्पांना शेवटी सांगावं लागलं.

"सरल्या? मला वाटलं, भरपूर झाल्यात!" बाईंचा आवाज चढला. "बार्शीहून आलेय मी एवढ्या उन्हात! सरळ सांगता येत नाही? थांबा, मोबाईलवर तुमच्या नावाखाली वाईट लिहितेच आता."

शुभांगीला आत सगळं ऐकू येत होतं. ती उठायच्या आत मल्लेशचा आवाज आला, "लिहू नका ताई, लिहू नका! हायत की. ह्या घ्या चाळीस."

चाळीस म्हणल्याबरोबर तिला कळलं, कुणाच्या ते. दुकानात चाळीस भाकरी होत्या त्या फक्त कडूबाईच्या, फडक्यात बांधून फळीवर ठेवलेल्या. येडशीच्या कडूबाईचा लेक फौजेत होता. सुट्टी संपवून तो आज रात्रीच्या रेल्वेनं परत निघणार होता, आणि चार वाजता कडूबाई एसटीनं भाकरी न्यायला येणार होती. सहा वर्षं ती इथूनच न्यायची. म्हणायची, "माझ्या हातच्या वाटंतच मऊ पडतेत माय. तुझ्या पार तिकडं पोचल्या तरी कुरकुर वाजतेत."

शुभांगी बाहेर आली तेव्हा गाडी कोपऱ्यावरून वळत होती. फळी रिकामी होती.

"कुणाच्या होत्या त्या?" तिनं विचारलं.

"अगं, जाहिरातीवरनं आलेलं पयलं गिऱ्हाईक! वापस लावू व्हय त्याला?" मल्लेश खुशीत होता. "कडूबाई काय, घरचीच हाय. तिला म्हणू, उद्या ने."

"तिचा लेक आज चाललाय. उद्या न्हेऊन ती भाकरी कुणाला घालंल, रुळाला?"

"धंदा म्हणलं की असं व्हायचंच. तुला काय कळतंय त्यातलं?"

शुभांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं धूर तिनं खाल्ला, चटके तिनं सोसले, आणि कळत मात्र याला होतं!

"हातानं थापलेल्या, असं लिवलंय ना जाहिरातीत?" ती म्हणाली. "कुणाच्या हातानं? त्या हाताला इचारलं का, झेपंल का म्हणून?"

"पोरी, हळू," अप्पा म्हणाले. "रस्त्यावर ऐकू जातंय."

"जाऊ द्या, अप्पा. समद्या गावाला ऐकू जाऊ द्या."

तिनं मल्लेशचं मनगट धरलं आणि सासऱ्यांच्या देखत त्याला आत ओढत नेलं. असलं काही त्या घरात कधी झालं नव्हतं. मल्लेश इतका चकित झाला की हात सोडवून घ्यायचंही त्याला सुचलं नाही. तिनं पिठाची काठवट त्याच्यापुढं सरकवली.

"बसा. चारला बाई येतीय. कडक व्हायला तीन तास लागतेत. तुमी थापा, मी भाजते. चाळीस."

"मला थापता येतंय का कधी?"

"मग जाहिरात कशाची दिली?"

मल्लेश मांडी घालून बसला, गोळा घेतला आणि दोन्ही हातांनी थापू लागला. भाकरी एका बाजूनं जाड झाली, दुसऱ्या बाजूनं विरली. उचलायला गेला तर मधोमध फाटून त्याच्या तळहाताला चिकटली. शुभांगीनं ती खरवडून काढली, मळून पुन्हा गोळा केला आणि त्याच्यापुढं टाकला. तीही फाटली.

बाहेर फोन वाजला.

"मल्लेश!" अप्पांनी हाक मारली. "हैद्राबादवरनं इचारायलेत, दोनशे कधी पाठवता? काय सांगू रं?"

मल्लेशनं बायकोकडं बघितलं. तिनं चुलीत लाकूड सारलं आणि तापून लाल झालेल्या रिकाम्या तव्याकडं बोट केलं.

"सांगा की," ती म्हणाली. "एक बी झाली न्हाय अजून."