पलंगाचं चित्र

झटका आला तेव्हा बाबांची वाचा गेली, अक्षरंही गेली, आणि मेंदूत बसवलेली चकती डॉक्टरांना काढावी लागली. तेव्हापासून ते पेन्सिलीने कागदावर रेघा ओढत राहायचे. शाल्मलीला त्यातलं काही उमगत नसे. तिच्या पिढीत प्रश्न मनात आला की चकतीच उत्तर सांगे. चित्र काढून विचार करायची वेळ कुणावर आलीच नव्हती. या कागदांवर मजकूर नाही, एवढंच तिची चकती सांगत होती.

"बाबा, पाणी हवंय का?" ती विचारायची. ते नकारार्थी मान हलवत आणि तेच पुन्हा मोठं करून काढत. शेवटी एकदा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि तिचा हात हलकेच थोपटला.

ते गेल्यावर त्यांची थोरली बहीण आली. तिने शाळेत चित्रं काढलेली होती. उशाखालचे कागद तिने उलगडले.

"अगं, हा पलंग, हे दार. त्याला अंगणात निजायचं होतं. पलंग दारातून कसा निघेल तेही काढलंय बघ. आधी कुशीवर वळवायचा, मग पायांकडची बाजू पुढे."

शेजाऱ्यांना बोलावून शाल्मलीने तसंच केलं. चौकटीला जराही न घासता पलंग बाहेर आला. ती रिकाम्या पलंगाच्या काठावर बसली. अंगणात छान कोवळं ऊन होतं.