बोरन्हाणातली लूट

"बाबा, व्हिडिओ चालू आहे ना?" मयूरीनं विचारलं. मुरलीधररावांनी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून मान हलवली. पाटावर त्यांची चौदा महिन्यांची नात सावनी बसली होती. अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याची माळ. माळ चाटण्यात ती इतकी दंग होती, की आपल्या डोक्यावर आता काय ओतलं जाणार आहे याचं तिला काही सोयरसुतक नव्हतं.

पाटाभोवती जगतपुऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीची हिंदी बोलणारी मुलं दाटीवाटीनं बसली होती. बोरन्हाण म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. डोक्यावरून पडेल ते लुटायचं आणि लुटलेलं कुणी परत मागत नाही, एवढं सुलोचनाबाईंनी त्यांना हिंदीत समजावलं होतं. तेवढ्यावर गच्चीवरचे पतंग टाकून आठाची सतरा मुलं झाली. खाऊ पुरायचा नाही म्हणून सासू-सुना ऐन वेळी स्वयंपाकघरात धावल्या आणि भरलेलं पातेलं घेऊन परतल्या.

फोनच्या पडद्यावर मुरलीधररावांना आधी बोरं पडताना दिसली. मग चुरमुरे पडले, उसाचे करवे पडले, आणि मग स्टेगोसॉरस पडला.

त्याच्यामागून दोन ब्रॅकिओसॉरस, एक ट्रायसेराटॉप्स, आणि मग मोजता येईना. बोटाएवढे, हातानं रंगवलेले डायनासोर, एकूण एकतीस. नऊ वर्षांत एकेक करून जमवलेले. कुरिअरसुद्धा आदर्श नगरातल्या मित्राच्या, नंदकिशोरच्या पत्त्यावर मागवलेलं. पिकल्या केसांचा माणूस खेळणी विकत घेतो हे कळलं तर बायको हसेल, आणि ती हसली की संपलंच, अशी त्यांची खात्री. रेल्वेत उभा जन्म सिग्नल सांभाळलेल्या या गृहस्थांनी ते लपवले होते कुठे, तर स्वयंपाकघरात! सगळ्यात वरच्या फळीवर, अनारशांच्या जुन्या डब्यात. सुलोचनाबाईंचे गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत, या भरवशावर. आज स्टुलावर मयूरी चढली होती.

"बघा, न सांगता लुटायला खेळणी आणून ठेवली होती यांनी!" सुलोचनाबाई जमलेल्या बायकांना कौतुकानं सांगत होत्या. "एरवी दूध आणायचं लक्षात राहत नाही."

"वा अंकलजी, बहुत बढिया!" शेजारची अमिता म्हणाली.

मुरलीधरराव हसले. दुसरं काय करणार? हातातला व्हिडिओ चालूच होता. अर्ध्या मिनिटात पाटाभोवती एक बोरसुद्धा उरलं नाही.

समोरच्या फ्लॅटमधली हिमांशी मूठ उघडून नाराज चेहऱ्यानं बघत होती. "मेरे को तो छिपकली मिली," ती भावाला म्हणाली. "तू ले ले, चॉकलेट दे दे."

"छिपकली नहीं है वो!"

आवाज एवढा मोठा निघाला, की सावनीनंही माळ चाटायची थांबवली. मुरलीधररावांनी फोन टीपॉयवर ठेवला आणि ते मुलांत फतकल मारून बसले.

"राजासॉरस है, बेटा. अपने यहाँ का है, नर्मदा किनारे का. माथे पे सींग देखो. और पूंछ से मत पकडो, रंग निकल जाएगा."

लगेच सतरा मुठी पुढे आल्या. अंकल, ये कौन है? अंकल, मेरावाला? ते नावं सांगत गेले. कोण पाला खायचा, कोण मांस खायचा, कुणाच्या पाठीवरची हाडांची पाती कशासाठी. कुठंही अडखळले नाहीत. सुलोचनाबाई तिळगुळाचं ताट घेऊन आल्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

दुपारी घर रिकामं झालं. सावनी झोपली. मुरलीधरराव चुरमुरे झाडत होते.

"अहो," सुलोचनाबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "ते लुटायला आणलेले नव्हते ना?"

"नाही."

"कधीपासून आहेत?"

"नऊ वर्षं झाली."

सुलोचनाबाईंचा चेहरा उतरला. "आणि मी माझ्या हातानं ओतले. आत्ता जाते, एकेकाच्या घरून मागून आणते. चूक झाली म्हणते."

"नको. लुटलेलं परत मागायचं नसतं, तूच सांगितलंस ना त्यांना."

उठू लागलेल्या सुलोचनाबाई परत टेकल्या. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?"

"हसली असतीस."

"हसलेच असते. पोट धरधरून हसले असते. मग?"

मुरलीधररावांचा झाडू थांबला. हसण्याच्या पुढे काय, याचा त्यांनी नऊ वर्षांत कधी विचारच केला नव्हता. तेवढ्यात सुलोचनाबाईंना खरोखरच हसू फुटलं. आधी पदरात, मग मोकळं. "अनारशांच्या डब्यात!" एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या. मुरलीधरराव झाडू धरून लाज वाटायची वाट पाहत उभे राहिले. ती काही आली नाही.

सुलोचनाबाईंनी डोळे पुसले, शेजारची खुर्ची पायानं पुढे सरकवली.

"बसा इथं," त्या म्हणाल्या. "पहिला कुठला आणला होतात?"