दोन फेऱ्यांचं गणित

“टॉर्क पाच न्यूटन-मीटर. चकती फिरली दोन फेऱ्या, म्हणजे सातशेवीस अंश. पाच गुणिले सातशेवीस. कार्य छत्तीसशे ज्यूल!” उपासनी सरांनी फळ्यावरच्या उत्तराभोवती चौकट आखली.

पहिल्या बाकावरची मृण्मयी उभी राहिली. “सर, कोन रेडियनमध्ये घ्यायचा ना? माझं त्रेसष्टच येतंय.”

“वीस वर्षं शिकवतोय मी हे. बस खाली!”

वर्ग खो खो हसला. सरही हसले.

स्टाफरूममध्ये चहाचा पहिला घोट घेताना त्यांना फळा आठवला. अंशांचे रेडियन करायचेच राहिले होते. याच चुकीला ते दरवर्षी पोरांचे मार्क कापत. कप तसाच ठेवून ते वर्गाकडे निघाले.

सगळे सुट्टीत बाहेर गेले होते. मृण्मयी एकटीच वहीत डोकं घालून बसली होती. त्रेसष्टवर तिने काट मारली होती आणि खाली छत्तीसशे लिहून ती त्याभोवती पट्टीने चौकट आखत होती.

“अगं, खोडलंस कशाला? तुझंच बरोबर होतं.”

ती गोंधळली. “पण सर, तुम्ही वीस वर्षं शिकवताय ना...”

तिच्या आवाजात टोमणा असता, तर सरांना मान वर करता आली असती.